पान त्रेसष्ट ते सहासष्ट

मुखपृष्ठ कधीच गेलंय, म्हणून आमच्या घरात
या पुस्तकाचं नाव नुसतं 'गलबत'.
साडेनऊला यशोधन विचारतो, "गलबत आज कुठवर?"
आणि शाल्मली पलंगावरची मधली जागा धरते.

ऐरोली, सेक्टर आठ, दुसरा मजला.
खिडकी उघडली तर खाडीचा वास, भरतीचा वेगळा, ओहोटीचा वेगळा.
मिटली तर पंख्याची कुरकुर.
दोन्हीतलं एक रोज निवडावं लागतं.

पुस्तकाची भाषा कडक इस्त्रीची.
"तदनंतर त्या पोराने काय केले असेल बरे?"
तदनंतर म्हणजे साधं नंतरच, हे कळल्यापासून
आमच्याकडे तदनंतर दात घासतात,
तदनंतर दिवा मालवतात.

संदेश दिवा गावचा. त्याचे आजोबा होडीवरच म्हातारे झाले.
त्याला हे गलबत पटत नाही.
"उतरत्या पाण्यात असा कोण नांगर टाकतं?
लिहिणारा कधी चिखलात उतरलेला नाही."
तरी वादळ आलं की आवाज तोच काढतो,
शिडाचा, दोराचा, डोलकाठी मोडल्याचा,
आणि खालच्या मजल्यावरचे कुरियन काका
झाडूनं छताला दोनदा ठोकतात.
ते दोन ठोके आता देवमाशाचे.

पुस्तक मूळ बाबांचं.
कळव्याच्या खोलीत, आई हॉस्पिटलात होती त्या वर्षी,
मी आठ, दादा अकरा.
बाबा पाळीवरून यायचे, बोटांना ग्रीस,
पान नुसत्या नखानं उलटायचे.
पान बासष्ट: पोरगा घराकडे निघाला.
पान सदुसष्ट: वर्ष उलटलं, तो पुन्हा गलबतावर.
मधली चार पानं नाहीत.
ती बाबा न अडखळता सांगायचे:
आई धक्क्यावर कंदील घेऊन उभी होती,
म्हणाली, किती वाळलास, आणि भाकरी थापायला बसली.

मीही तेच सांगत आले. भाकरीसकट.

मग शाल्मलीनं एकदा पुस्तक दिव्याखाली धरलं.
"आई, फाटलेली नाहीत ही. कापलीयत."
खरंच. कड सरळ.
पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस
आमच्या घरात एकच होता.

शनिवारी ठाण्याला गेले, नौपाड्यातल्या एका जुन्या वाचनालयात.
बाईंनी कुलपातली प्रत काढली, "इथंच बघा, घरी नाही मिळायची."
उभ्यानंच वाचली चार पानं.
धक्क्यावर कुणी नव्हतं.
शेजारीण पोराला सांगते, श्रावणात गेली.
हातातल्या पिशवीत अर्धा किलो गवार होती,
तिचं वजन तेव्हा कळलं.

घरी दोघं दारातच. "सापडलं? काय आहे त्यात?"
मी चपला काढायला नको तितका वेळ लावला.
आईनं गवार ताटात ओतली, म्हणाली,
"त्याची आई मरते. ठाऊक आहे मला."
"तुला कुणी सांगितलं?"
"तुझे बाबा खिशात घालून आले होते ती पानं, हॉस्पिटलात.
पोरांच्या हाती नकोत म्हणाले, तू ठेव.
तिथं वाचायला दुसरं होतं काय?"
"मग?"
"मग काय. रडले थोडी.
पलीकडच्या खाटेवरची विचारायला लागली,
तिला वाचून दाखवली. तीही रडली.
तेवढ्यात वरण-भात आला."

यशोधन गप्प.
शाल्मलीला पानांचीच काळजी. "कुठायत आता?"
"एकावर औषधांचा हिशेब केलेला. बाकीची कुठं गेली कोण जाणे."
आणि ती गवारीच्या शिरा काढू लागली.

रात्री पान बासष्ट आलं.
मी थांबले. पुढचं कुठलं वाचायचं?
संदेशनं उगाच खिडकी उघडली. ओहोटी होती.
दारातून आईचा आवाज आला:
"कंदीलबिंदील काही नव्हता हं. रिक्षा होती.
सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं रिक्षावाल्याशी.
आणि भाकरी यांनी केलेली. ही एवढी जाड,
मधे कच्ची."

आधी यशोधन हसला, मग सगळेच, जरा जास्तच.
खालून देवमाशानं दोनदा ठोकलं.